निळं आलं तर पुण्याला

माझ्या एम. एस्सी.च्या प्रबंधाचा विषय हिरडा होता, पण त्या दोन वर्षांत मी हिरड्यापेक्षा जास्त वेळा तपासली असेल ती माझ्या वडिलांची लघवी. हे वाचून ज्यांनी नाक मुरडलं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. रसायनशास्त्रात नाक मुरडणाऱ्याचं काम नाही, आणि ज्या घरात मधुमेहाचा रोगी आहे तिथे तर नाहीच नाही.

वडिलांना मी आबा म्हणत असे. ते मावळात बेडशाच्या बाजूच्या एका शेतकरी घरातले. मॅट्रिक झाल्यावर रेल्वेत लागले आणि जन्मभर मावळातल्या लहान लहान स्टेशनांवर असिस्टंट स्टेशन मास्तर राहिले. तब्येतीमुळे वेळेआधी नोकरी सोडावी लागली तेव्हा लोणावळ्यात लाईनच्या कडेला आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं. घरात आबा, आई आणि मी, एवढेच. माझ्या पाठीवर झालेली दोन्ही भावंडं लहानपणीच गेली होती, त्यामुळे जे काही शिकायचं, पास व्हायचं किंवा नापास व्हायचं, ते सगळं माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं होतं.

आबांना अर्धवट गोष्टीची भारी चीड. हा गुण की दोष, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणत, गाडी स्टेशनात उभी राहिली तर नुसता उशीर होतो, पण सुटलेली गाडी मधल्या रानात उभी राहिली की दोन्हीकडच्या मास्तरांच्या जिवाला घोर. जेवताना पानात अर्धी भाकरी टाकली तरी हेच ऐकावं लागे. मी बी. एस्सी. झाले तेव्हा गावाकडचे भाऊबंद येऊन सांगून गेले, की आता पुरे, मुलीला एम. एस्सी. करून तिच्यासाठी नवरा काय विलायतेहून आणणार? आबा म्हणाले, "आधी तिला पास होऊ द्या. नवऱ्याला परीक्षा नसते, तो केव्हाही मिळतो." मंडळींनी चहा घेतला आणि ती गेली. आई मात्र आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होती, जणू तो टोमणा मीच मारला होता.

तेव्हा युद्धाची वर्षं होती. मी सकाळच्या पॅसेंजरने पुण्याला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. प्रयोगशाळेत आम्ही मोजकी मुलं आणि मी एकटी मुलगी. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे ज्याने तोंड आवळतं आणि कातडं कमावलं जातं ते द्रव्य, वेगळं काढून त्याचा अभ्यास करायचा, हा माझा विषय. हिरडा मात्र आमच्याच डोंगरातला. बेडशाकडची एक मावशी बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन यायची, तिच्याकडून मी तो घ्यायची. पहिल्यांदा मी एकदम पायलीभर मागितला तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं बया, येवडा हिरडा? घरात कुनाचं पोट बिगाडलंय म्हनायचं?" मी म्हटलं, कॉलेजात लागतो. त्यावर तिने आईकडे वळून अगदी काळजीने विचारलं, "कालिजात जेवाय बरं मिळत न्हाई व्हय?" आबा हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांचं तसं हसणं मला अजून ऐकू येतं, म्हणून हे इथे लिहिलं. प्रबंधाशी त्याचा काही संबंध नाही.

आबांचा मधुमेह जुना होता. लोणावळ्याचे आमचे डॉक्टर त्यांना इन्सुलिनची सुई लावत. त्याच्या बाटल्या मुंबईहून यायच्या आणि आई त्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची. युद्ध सुरू झालं आणि त्या बाटल्यांचा भरवसा उरला नाही. कधी यायच्या, कधी महिना महिना नाही. डॉक्टर म्हणाले की आहे ते औषध जपून वापरायला हवं, जितकी साखर तितकीच सुई. त्यासाठी रोज सकाळी लघवी तपासायला हवी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुमच्या घरात तर केमिस्ट आहे."

मला त्या शब्दाचा केवढा अभिमान वाटला होता! त्या आठवड्यातच मी तपासणीचं निळं द्रावण घरी तयार केलं. त्याला मोरचूद लागतो, धुण्याचा सोडा लागतो आणि सायट्रेट लागतं. पहिले दोन बाजारात मिळाले, तिसरं मी सरांना विचारून कॉलेजातून आणलं. परीक्षानळीत हे द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, आणि साखर फार असेल तर विटेसारखा तांबडा गाळ खाली बसतो. आईने हा सगळा कारभार स्वयंपाकघरातून हाकलला, म्हणून मागच्या पडवीत न्हाणीच्या चुलीजवळ मी माझं दुकान मांडलं. आबा रोज उठले की मोरीतून बाटली घेऊन यायचे, माझ्या हातात द्यायचे आणि शेजारी उकिडवे बसून नळीकडे बघायचे. पूर्वी स्टेशनात पुढच्या स्टेशनची घंटी ऐकायला बसत तसेच.

विटकरी रंग आला की सुई वाढायची. सुई वाढली की दिवसभर त्यांच्याकडे लक्ष ठेवणारं कोणीतरी हवं, कारण कधी कधी साखर एकदम उतरून त्यांना घाम सुटायचा, हात थरथरायचे, बोलणं बरळल्यासारखं व्हायचं. अशा वेळी तोंडात गुळाचा खडा घालायचा, एवढंच करायचं असे. पण आई एकदा तो घालायच्या ऐवजी देवापुढे जाऊन बसली होती, आणि शेजारच्यांनी आबांना सावरलं. तेव्हापासून ठरलं, की विटकरी आलं तर मी घरी राहायचं आणि निळं आलं तर पुण्याला जायचं. हिरव्यावर आमची रोज वादावादी व्हायची. आबा म्हणायचे, "हिरवा झेंडा बघून गाडी थांबवणारी तूच पहिली."

पहिलं वर्ष असं ओढाताणीत पण धकून गेलं. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात सगळंच बिघडलं. इन्सुलिन मिळेना, आणि मिळालं तर अपुरं. नळीत बहुतेक दिवशी विटकरी गाळ. मी दोन दिवस पुण्याला जायची आणि चार दिवस घरी राहायची. इकडे प्रयोगशाळेत अर्क काढायचं काचेचं यंत्र एकच शिल्लक राहिलेलं. आधी ती काच जर्मनीहून यायची, ती आता येणार कुठून? म्हणून सरांनी सगळ्यांच्या पाळ्या लावल्या होत्या. एकदा हिरड्याची पूड त्यात घातली की अर्क सलग काढावा लागतो, मधे सोडून जाता येत नाही. माझी पाळी यायची आणि मी नसायची. पुढच्या मुलाने तरी किती दिवस थांबावं?

सर कठोर नव्हते. त्यांनी मला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं आणि म्हणाले, "बाई, तुमची पाळी मी किती वेळा राखून ठेवू? या खेपेला प्रबंध गेला नाही तर पुढच्या वर्षी यंत्र असेल, जागा असेल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. युद्धाचे दिवस आहेत." त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. माझ्या नाकाच्या शेंड्यावरचा राग आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. त्या रात्री जेवताना मी पान पुढे सारलं आणि म्हटलं, "सोडून देते मी. नको मला ती एम. एस्सी." आणि मग रडले. आबा खाली बघून जेवत राहिले. त्यांनी मला समजावलं नाही, रागावले नाहीत. थोड्या वेळाने आईला म्हणाले, "भाकरी वाढ."

मला ते फार लागलं. एवढं मी रडतेय आणि यांना भाकरी सुचते!

त्यानंतर काही दिवसांनी नळीतला रंग बदलू लागला. विटकरीचा पिवळा झाला. मग पिवळट हिरवा, मग हिरवा. गणपती बसायच्या सुमाराला एके दिवशी उकळून उकळून थकले तरी द्रावण निळंच राहिलं. मी नळी उजेडाकडे धरून बघितली आणि ओरडलेच. आबा उकिडवे बसले होते, ते उठून उभे राहिले. म्हणाले, "लाईन क्लिअर. जा, गाडी चुकेल."

आईने नाचणीची भाकरी आणि कारल्याचा रस सुरू केला होता, भात बंद केला होता. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळणारा रोगी मिळायला भाग्य लागतं. त्यांनी सुई कमी केली, मग आणखी कमी केली, आणि पुढे बंदच केली. औषधाचा तुटवडा होताच, त्यांनाही ते बरंच वाटलं असणार. आबा वाळत चालले होते, तेही आम्ही पथ्याच्याच खात्यावर मांडलं. त्यांचा कोट अंगात घातलेला नव्हे, खुंटीला टांगलेला वाटायला लागला. आई रोज रात्री त्यांच्या उशाशी तांब्याभर पाणी ठेवायची, तिथे घागर ठेवू लागली. मी एकदा विचारलं तर आबा म्हणाले, "कारल्यानं तोंड कडू होतं गं." मला ते पटलं. नळी निळी असताना न पटण्यासारखं त्यात काय होतं? आम्हाला शिकवलंच तसं होतं, की माणूस काय सांगतो, तुम्हाला काय वाटतं, हे बाजूला ठेवा आणि नळीत काय दिसतं ते बघा.

मी पुण्याला रोज जाऊ लागले. माझी पाळी मला मिळाली. हिरड्याचा अर्क निघाला, गाळला, आटवला, आणि दिवाळीनंतर माझ्या हाताला पहिल्यांदा ती फिकट, हलकी पूड लागली. सर कधी कोणाची स्तुती करत नसत. त्यांनी ती पूड काचेवर पसरून बघितली आणि म्हणाले, "हं." तो हुंकार मी लोणावळ्यापर्यंत पदरात बांधून नेला. आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "नुसतं हं? की मान पण हलवली?"

हिवाळ्यात काम इतकं वाढलं की रोज जाऊन येऊन ते उरकेना. आबाच म्हणाले, "प्रबंध जाईपर्यंत पुण्यात राहा." मुलींच्या वसतिगृहात एक जागा मिळाली. पण तपासणीचं काय? त्यावर आबांनी जी तोड काढली ती रेल्वेच्या माणसालाच सुचावी. सकाळच्या पॅसेंजरवर त्यांच्या ओळखीचे एक गार्ड होते. घट्ट बुचाची बाटली, त्यात नमुना टिकावा म्हणून मी देऊन ठेवलेल्या टोल्यूइनचे दोन थेंब, वरून फडकं, असं पुडकं गार्डाच्या डब्यातून शिवाजीनगरला यायचं. मी फाटकाशी उभी असायची. गार्डकाका ते दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं द्यायचे. एकदा म्हणाले, "आबांचा काढा काय गं हा? मलाही जरा दे, गुडघे फार धरतात." मी म्हटलं, "काका, तुम्हाला मानवायचा नाही." वसतिगृहातल्या मैत्रिणींना हे सांगितल्यावर त्या लोळून हसल्या. मीही हसले. मग प्रयोगशाळेत जाऊन सगळ्यांच्या आधी ती बाटली तपासायची. निळी. रोज निळी. संध्याकाळच्या गाडीने रिकामी बाटली परत जायची. आम्हा दोघांत ठरलं होतं, की बाटली परत आली याचा अर्थ सगळं ठीक आहे.

फाल्गुनात प्रबंध टाइप होऊन बांधला गेला आणि मी तो दिला. तडक गाडी पकडली. लोणावळ्याला उतरले तेव्हा ऊन होतं, आमच्याकडे कधी नव्हे इतकं उकडत होतं. आबा पडवीत खुर्चीवर बसले होते. पायात लोकरीचे मोजे होते.

"दिलास?" त्यांनी विचारलं.

"दिला."

"सगळा? काही राहिलं नाही ना?"

"सगळा, आबा. बांधून, सही करून."

त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टेकली. मी वाकून त्यांच्या पाया पडले, आणि खाली वाकल्यावर मला वास आला.

मी मोज्याला हात लावला तशी आई आतून धावत आली. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, गार लागतंय त्यास्नी." एवढ्या उकाड्यात! मी मोजा काढला. डाव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काळी पडली होती. बाकीचं पाऊल सुजून तकतकत होतं. आबा माझ्याकडे न बघता समोरच्या लाईनीकडे बघत होते.

मी पडवीतल्या फळीवरून द्रावण काढलं, दिवा पेटवला आणि आबांच्या हातात बाटली देऊन म्हटलं, "मी इथंच उभी आहे." ते मोरीपर्यंत भिंत धरून धरून गेले. मी दारात पाठ करून उभी राहिले. बापापुढे मुलीने असं उभं राहू नये, हे मला कळत होतं. मग नळीत थेंब टाकले. नीट उकळायच्या आधीच निळा रंग गेला आणि विटकरी गाळ इतका बसला की नळीचं बूड दिसेना.

"मग एवढे दिवस मी काय तपासत होते?" मी विचारलं. "कोणाचं?"

आई चुलीपाशी खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला. "माजं," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. मी रडून पान सारलं त्या रात्री आबांनी तिला देवापुढे नेऊन शपथ घातली होती. "एकदम तुजं देऊ नगं म्हनले. पोरगी शानी हाय, तिला सौंशय येईल. आदी माजं जास्त घे आन् तुजं थोडं. मग तुजं वाडवीत जा. पिवळं येऊ दे, मग हिरवं, मग निळं." माझ्या आईला अक्षर वाचता येत नव्हतं. प्रयोगशाळेत आम्ही सौम्य द्रावणं करतो तशी ती रोज पहाटे मोरीत माझ्या वडिलांचा आजार पातळ करत होती, आणि दोघांनी मला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"आणि पाय?" मी ओरडले. "हा पाय तुला दिसला नाही?"

"दिसंना कसा? मीच धूत व्हते की रोज." ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पौषात काटा मोडला व्हता. म्हनले, तिचं काम हूस्तवर बोलशील तर माजं मेलेलं तोंड बघशील. आता तूच सांग, मी काय करू?"

मी त्या क्षणी तिचा इतका द्वेष केला की तसा त्यानंतर आयुष्यात कोणाचाही केला नाही. आबांचा राग यायला हवा होता, पण त्यांचा तो पाय समोर असताना राग येईना, म्हणून सगळा तिच्यावर गेला. पुढे कितीतरी दिवस मी तिच्या हातचं नुसतं पाणी घेत होते, तिच्याशी बोलत नव्हते. तिने एकदाही तक्रार केली नाही. शपथ मोडली नाही म्हणून मी तिच्याशी अबोला धरला होता, आणि मोडली असती तर आबांनी धरला असता. त्या बाईला सुटका कुठेच नव्हती, पण हे शहाणपण मला फार उशिरा आलं.

डॉक्टर आले. पाय बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी माझ्या रंगांवर विसंबून सुई बंद केली होती आणि मी बाटलीवर विसंबून रंग सांगितले होते. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याच पॅसेंजरने आबांना पुण्याच्या इस्पितळात नेलं. गार्डकाकांनी त्यांना आपल्या डब्यात, आपल्या बाकावर निजवलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते सारखे म्हणत होते, "एवढा काढा घेऊनसुद्धा असं व्हावं?"

इस्पितळात गुडघ्याखाली पाय कापला, पण विष वर चढलं होतं. ताप उतरेना. शुद्ध असायची तेव्हा आबा अगदी सरळ बोलायचे. एका दुपारी मी त्यांच्याजवळ एकटीच बसले होते आणि मला राहवलं नाही. आजाऱ्याशी असं बोलू नये, पण मी बोलले. "मला काय करायची होती ती पदवी? मला तुम्ही हवे होतात. तुम्ही मला विचारायचं तरी!"

आबांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"घरी राहिले असते."

"राहिली असतीस," ते म्हणाले. "आणि जन्मभर माझ्याकडे बघितलं असतंस, मी मधल्या रानात उभी केलेली गाडी असल्यासारखं. तुला दोन्ही हवं होतं बाळ. मला दिसत होतं की. दोन्ही मिळणार असतं तर मी कशाला मधे पडलो असतो?" त्यांनी असंही सांगितलं, की त्यांचा अंदाज चुकला. त्यांना वाटलं होतं, थोडे महिने निभेल, प्रबंध गेला की सुई पुन्हा सुरू करू. तो काटा हिशेबात नव्हता. "काट्याचं मात्र चुकलं," ते म्हणाले. काट्याबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. बाकीच्याबद्दल नाही.

"तुला दोन्ही हवं होतं" हे त्यांनी म्हटलं तेव्हा मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नाही म्हणता आलं नाही. ते खरंच होतं. आबांना खोटं सांगून समाधान द्यावं एवढंही माझ्याने झालं नाही, आणि त्यांनाही ते नको असावं. त्यांनी माझा हात हातात घेतला. बोटांवर हिरड्याचे डाग होते, लोखंडाला हात लागला की काळे पडणारे. ते त्यांनी एकेक करून बघितले.

चैत्र संपायच्या आत ते गेले.

निकाल पावसाळा सरता सरता लागला. सरांचा निरोप घेऊन कॉलेजातला एक जण लोणावळ्याला आला होता, त्याने घरी येऊन सांगितलं की प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली, परीक्षकांनी चांगलं म्हटलं. त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी पडवीत जाऊन बसले. वर्ष व्हायचं होतं, तेव्हा पेढे वाटायचा प्रश्नच नव्हता, आणि वाटावेत असं कोणाला वाटलंही नसतं. पलीकडून मालगाडी चालली होती, तिचे डबे जाईपर्यंत मी बघत राहिले.

आत आले तेव्हा आई आबांच्या फोटोसमोर उभी होती. नोकरी सोडली त्या दिवशी स्टेशनात काढलेला तो फोटो. पास झाल्यावर देवापुढे आणि थोरांपुढे साखर ठेवायची आमच्या घरात रीत. तिने रेशनवरची साखर एका वाटीत घातली होती, चांगली वाटीभर, शिगोशीग, आणि ती फोटोपुढे ठेवली होती.

मला भडभडून आलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे ते रागावरच गेलं. त्या अबोल्यानंतर मी तिच्याशी नीट बोललेले पहिले शब्द ते असतील. "साखर काय ठेवतेस त्यांच्यापुढे? उचल ती."

तिने वाटी उचलली नाही. पदराने फोटोची काच पुसली, हळूच, कपाळावरून हात फिरवावा तशी.

"खाऊ दे की आता त्यास्नी," ती म्हणाली. "आता कोन तपासतंय?"